फुगलेलं दार

मागचं दार दर हिवाळ्यात फुगतं.
खांदा लावल्याशिवाय उघडत नाही,
आणि उघडतं तेव्हा असं धाडकन
की कोंबड्यांची बादली आधी बाहेर पडते, मग मी.
एकतीस वर्षं डोनल म्हणतोय, उद्या रंधा मारतो.

त्याच्या घशाचंही तसंच झालंय, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत.
डॉ. ओयेलारान म्हणाल्या, किरणांची सूज,
स्वरयंत्राच्या मागच्या कडांवर.
गाठ नाही, दोनदा तपासलंय.
दार मी म्हणाले.
त्या हसल्या, आणि पुढे दाराचीच भाषा बोलल्या.

गाठ गेली खरी. तेहेतीस सकाळी
जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर दाबून, टेबलाला खिळवून,
जाळून घालवली.
मुखवटा त्यांनी घरी नेऊ दिला.
आता तो स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर पालथा असतो,
पाखरं फिरकत नाहीत.
डोनलचं नाक, डोनलची हनुवटी,
आत चार फळं पिकताहेत.

गाठ गेली, सूज मुक्कामाला राहिली.
श्वासाला शिट्टी आली: जिना चढताना,
मग बुटाचे बंद बांधताना, मग नुसतंच बसून.
फेब्रुवारीत एका रात्री
स्लायगोच्या इस्पितळात गळ्याला भोक पाडून नळी बसवली.

हा माणूस गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा.
अकराशे वीस तीस चाळीस, चाळीस कोण म्हणतं,
पंचेचाळीस टोपीवाल्याचे, पन्नास, पन्नास,
एका दमात अख्खी कालवड विकायचा.
कान खाजवला तरी बोली धरायचा.
माझ्या मावसभावाने एका शिंकेत वासरू घेतलंय.

आता पाटी आणि पेन.
पाटीवर: चहा.
पाटीवर: नको.
पाटीवर: बाजारातला तो नवा पोरगा फार हळू पुकारतो.

डब्लिनला बाईंनी समजावलं,
तोंडातून सरळ नळकांडं, वर सूक्ष्मदर्शक,
लेझरने सूज तासायची.
डोळ्यांवर ओला कापूस, चेहऱ्यावर ओली फडकी,
कारण श्वासाच्या वाटेत ठिणगी म्हणजे...
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
किती तासणार?
कमी तासलं तर दार अडणारच.
जास्त तासलं तर फट राहील,
चहा, पाणी, पावाचा कण
वाऱ्यासारखा फुफ्फुसात.
आणि आवाज?
त्यांनी तळहात उलटे केले.
किरण खाल्लेलं मांस लवकर भरत नाही, म्हणाल्या,
पुन्हा फुगूही शकतं.

डोनलने पाटीवर लिहिलं: तासा.

आगीने भाजलेल्यावर पुन्हा आगच.
माझी आई भाजल्यावर लोणी चोळायची,
ते चूक होतं म्हणतात.
मी काही बोलले नाही.

पन्नास मिनिटं लागली.
शेजारचा म्हातारा प्रत्येकाला विचारत होता,
पार्किंगचे पैसे कुठे भरायचे.
मला माहीत होतं. तरी मी सांगितलं नाही.
का, ते अजून कळत नाही.

पाचव्या दिवशी नळीला बूच लावून
रात्रभर झोपवून पाहिलं.
नर्स बोटावरचा आकडा बघत होती, मी छाती.
चौऱ्याण्णव. पंचाण्णव. त्र्याण्णव. पंचाण्णव.
अंधारात मीच मनात पुकारत होते,
शहाण्णव, शहाण्णव कोण म्हणतं,
खिडकीकडचे, कोणीतरी,
कान तरी खाजवा.

नळी निघाली. भोक हळूहळू मिटलं.
आवाज आला तो हा आवाज नव्हे,
खडीवरून पोतं ओढावं तसा.
कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला,
दोन दिवस तिकडेच जेवला.

काल मी शेडमधून रंधा शोधून काढला,
गंज घासला, आणून ओट्यावर ठेवला.
डोनल मागच्या दाराशी उभा होता,
फळीवर तळहात टेकून.

"राहू दे," म्हणाला.
मध्ये एक श्वास घेतला, पुरता, बिनशिट्टीचा.
"उन्हाळ्यात आपोआप आक्रसतं."

मग त्याने खांदा लावला.
मी बादली घेऊन मागे.